ऑक्सिजन चुंबकाला का चिकटतो?

वाचकहो, या महिन्यात परीक्षेच्या काळातल्या जागरणांविषयी लिहायचं आम्ही ठरवलं होतं. तो विषय पुढच्या अंकावर टाकतो आहोत. कारण मधल्या एका रविवारी आमच्याकडे एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अम्मीसोबत आली, आणि तिने आमचीच एक चूक आमच्यापुढे ठेवली. ती चूक ऑक्सिजनविषयी होती. आपण दिवसरात्र श्वासातून घेतो त्याच ऑक्सिजनविषयी. आधी ती हकिकत सांगतो, मग विषयाकडे वळू.

मुलगी गेल्या वर्षी आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतून दहावी झाली. गुण चांगले मिळाले, हौसेने सायन्स घेतलं. आता अकरावीत आहे आणि कॉलेज इंग्रजी माध्यमाचं आहे. आपल्या मुलांचं इथेच अडतं, हे पुष्कळ घरांना ठाऊक आहे. इतकी वर्षं ज्याला 'सालमा' म्हटलं त्याचा एकदम 'मॉलिक्यूल' होतो, 'जौहर'चा 'ॲटम' होतो, 'बंदिश'चा 'बाँड' होतो. बाकीची मुलं भराभर लिहून घेत असतात आणि आपली मुलगी आधी शब्द ओळखत बसते. मराठी माध्यमाच्या मुलांचंही फार वेगळं नसतं. अणू, रेणू, बंध यांवरून त्यांनाही तीच उडी मारावी लागते. पहिल्या चाचणीत केमिस्ट्रीत २५ पैकी ६ आले. अब्बांचं किराणा दुकान आहे. ते म्हणाले, झेपत नसेल तर आर्ट्स घे, अजून बदलता येईल. अम्मी आमच्याकडे आल्या त्या याच प्रश्नासाठी. "सर, हिला झेपेल की नाही, ते तुम्हीच एकदा सांगा. तुमचं हिचे अब्बा ऐकतील."

असं कुणी म्हटलं की शिक्षकाला घाम फुटतो. आम्ही मुलीला विचारलं, "बेटा, नक्की अडलंय कुठे?" तिने पुस्तक उघडलं. रासायनिक बंधाचा धडा, त्यातला मॉलिक्युलर ऑर्बिटल थिअरीचा भाग. एका ओळीखाली पेन्सिलने तीन रेघा ओढल्या होत्या. ऑक्सिजन पॅरामॅग्नेटिक असतो, म्हणजे चुंबकाकडे ओढला जातो, असं तिथे लिहिलं होतं.

"सर, आठवतंय?" ती म्हणाली.

आठवत होतं. दहावीला कार्बनच्या संयुगांचा धडा चालू होता. आम्ही फळ्यावर ऑक्सिजनचा रेणू काढला होता: दोन अणू, प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत सहा ठिपके, त्यांतले दोन दोन मध्ये आणून चार ठिपक्यांचा दुहेरी बंध, आणि उरलेले ठिपके आपापल्या अणूभोवती दोन दोनच्या जोडीने. सगळे इलेक्ट्रॉन जोडीत, कुणी एकटा नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकला चुंबक, जोडीतले दोघे उलट दिशेचे असतात म्हणून एकमेकांचा परिणाम खोडून टाकतात, हेही आम्हीच सांगितलं होतं. तेव्हा या मुलीने हात वर केला. तिने फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. एका मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये कुणी फिकट निळा पातळ ऑक्सिजन ओततो आणि तो खाली न पडता तिथेच लटकून राहतो. "सर, सगळे जोडीत असतील तर मग तो चिकटतो कसा?"

आम्ही काय म्हणालो, ते लिहायला लाज वाटते. "फोनवर काहीही दाखवतात. कॅमेऱ्याची करामत असेल." वर्ग हसला. ती खाली बसली. वर्षभरात पुन्हा तिने हात वर केल्याचं आम्हांला आठवत नाही.

व्हिडिओ खरा होता. तिला समोर बसवून, अम्मींच्या देखत, आधी तेच सांगितलं. मग चहा आला, आणि मग फळ्याऐवजी वहीवर सुरुवात केली.

ही गोष्ट काही नवी नाही. १८५०च्या आसपास लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी ऑक्सिजन वायू चुंबकाकडे ओढला जातो हे दाखवून दिलं होतं. फॅरडे म्हणजे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ म्हणून राहिलेला, बांधायला आलेली पुस्तकं वाचून शास्त्रज्ञ झालेला माणूस. पुढे १८९१ साली त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी द्रवरूप ऑक्सिजन विद्युतचुंबकाजवळ नेला तर तो उडी मारून चुंबकाच्या टोकांना चिकटला. हे ड्यूअर म्हणजे आपल्या थर्मासच्या बाटलीचे जनक. इतका थंड द्रव ठेवायला तशी बाटली लागतेच; ऑक्सिजन पातळ राहतो तो उणे १८३ अंश सेल्सिअसच्या खाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत टँकर भरभरून जो आणावा लागला, २०२१च्या एप्रिलमध्ये ज्यासाठी कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला गेले, तो हाच द्रव. आपल्या घरातल्या हवेजवळ चुंबक नेला तर काही दिसत नाही, कारण वायूत रेणू विरळ असतात, सतत धावत असतात आणि ओढ फार अशक्त असते. थंड करून दाट केला की ती डोळ्यांना दिसते.

म्हणजे ऑक्सिजन चुंबकाकडे जातो हे माहीत झाल्यावर कितीतरी वर्षांनी, १९१६ साली, अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी इलेक्ट्रॉनच्या जोडीने बंध बनतो ही कल्पना मांडली. आम्ही फळ्यावर काढतो ते ठिपके त्यांचेच. ती कल्पना इतकी सोपी आणि इतकी उपयोगी की जगभरच्या शाळांनी उचलली. पाणी, अमोनिया, मिथेन, सगळीकडे ती चालते. ऑक्सिजनमध्येसुद्धा दुहेरी बंध आहे हे ती बरोबर सांगते. अडते ती फक्त चुंबकापाशी.

उत्तर आलं ते वेगळ्या वाटेने. जर्मनीत फ्रीडरिश हुंड, अमेरिकेत रॉबर्ट मुलिकन आणि इंग्लंडमध्ये जॉन लेनर्ड-जोन्स यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनचा हिशेब नव्याने मांडला. यांतल्या लेनर्ड-जोन्स यांची एक गंमत सांगायला हवी. जन्माने ते नुसते जोन्स. १९२५ साली कॅथलीन लेनर्ड यांच्याशी लग्न झालं आणि त्यांनी पत्नीचं आडनाव आपल्या नावाला जोडलं. आज केमिस्ट्रीची मुलं जे जोडनाव पाठ करतात त्यातला अर्धा भाग त्यांच्या बेगमसाहेबांचा आहे! ऑक्सिजन चुंबकाला का चिकटतो हे १९२९ सालच्या एका निबंधात त्यांनीच या नव्या पद्धतीने उलगडून दाखवलं. मुलिकन यांना या कामासाठी १९६६ साली नोबेल मिळालं.

पद्धत अशी. इलेक्ट्रॉन हा ठिपका नाही. ठिपका फक्त फळ्यावर असतो. अणूत तो लाटेसारखा पसरलेला असतो, आणि तो ज्या आकाराने पसरतो त्या आकाराला ऑर्बिटल म्हणायचं. आपण सोयीसाठी 'जागा' म्हणू. आता हौदाच्या शांत पाण्यात दोन खडे थोड्या अंतरावर टाका. दोन्हीकडून लाटा निघतात. जिथे उंचवट्यावर उंचवटा येतो तिथे पाणी जास्त चढतं. जिथे उंचवट्यावर खळगा येतो तिथे पाणी सपाट राहतं. दोन अणू जवळ आले की त्यांच्या इलेक्ट्रॉन लाटांचंही तसंच होतं. त्या दोन प्रकारे मिसळू शकतात, म्हणून दोन जागांपासून दोनच नव्या जागा तयार होतात. एकीत लाटा एकमेकींना भर घालतात, इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांच्या मधोमध दाटतो आणि दोन्ही केंद्रकांना स्वतःकडे ओढून धरतो. दुसरीत लाटा मध्यभागी एकमेकींना खोडतात, मधली जागा रिकामी पडते, इलेक्ट्रॉन बाहेरच्या बाजूंना राहतो आणि दोन धन केंद्रकं उघडी पडून एकमेकांना दूर ढकलतात. पहिली बाँडिंग, दुसरी अँटिबाँडिंग. मुलीला आम्ही जोडणारी जागा आणि तोडणारी जागा असं सांगितलं.

या जागा आता एका अणूच्या मालकीच्या नाहीत, त्या सगळ्या रेणूच्या आहेत. म्हणूनच 'मॉलिक्युलर' ऑर्बिटल. इलेक्ट्रॉन खालच्या, कमी ऊर्जेच्या जागेपासून भरत जायचे, एका जागेत जास्तीत जास्त दोन.

मग बाँड ऑर्डर म्हणजे काय? मुलीने सूत्र म्हणून दाखवलं: बाँडिंगमधले इलेक्ट्रॉन वजा अँटिबाँडिंगमधले इलेक्ट्रॉन, भागिले दोन. पाठ पक्कं होतं. अर्थ विचारला तर गप्प. आम्ही म्हटलं, "अब्बांच्या दुकानातली वही पाहिली आहेस ना? एका बाजूला जमा, एका बाजूला देणं. जोडणाऱ्या जागेतला प्रत्येक इलेक्ट्रॉन जमा, तोडणाऱ्या जागेतला प्रत्येक इलेक्ट्रॉन देणं. वजाबाकी करून उरली ती शिल्लक. आणि एक बंध म्हणजे दोन इलेक्ट्रॉन, म्हणून शिल्लकेचे निम्मे." अम्मी इतका वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "एवढंच आहे होय?" एवढंच नाही, पण इथून सुरुवात होते.

हायड्रोजनचे दोन इलेक्ट्रॉन दोन्ही जमेत: बाँड ऑर्डर एक. त्यातला एक काढून घेतला, म्हणजे एच-टू-प्लस आयन केला, तर अर्धा. मुलीचा प्रश्न नेमका हाच होता: अर्धा बंध कसा असेल, अर्धी काडी कशी काढायची? काडी काढायचीच नाही. काडी हीसुद्धा फळ्यावरचीच. अर्धा म्हणजे पकड आहे, पण ढिली. आकड्यांत पाहा. एक मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे १०० पिकोमीटर. हायड्रोजनच्या रेणूत दोन केंद्रकांमधलं अंतर ७४ पिकोमीटर आहे, एच-टू-प्लसमध्ये ते १०६ होतं. पहिला तोडायला दर मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला २५६च्या आसपास. एका इलेक्ट्रॉनवरही संसार चालतो, फक्त लांब लांब राहून.

हेलियमचे दोन अणू आणले तर चार इलेक्ट्रॉन: दोन जमा, दोन देणं, शिल्लक शून्य. म्हणून फुग्यातला हेलियम सुट्या अणूंचाच असतो. पण त्याच जोडीतला एक इलेक्ट्रॉन काढून टाकला तर दोन जमा, एक देणं, बाँड ऑर्डर अर्धा, आणि असा हेलियमचा आयन प्रयोगशाळेत खरोखर मिळतो. इथे मुलगी सावरून बसली. "म्हणजे इलेक्ट्रॉन कमी केला आणि बंध झाला?" देण्यातून कमी केला, म्हणून झाला.

हेलियम आणि हायड्रोजन यांच्या जोडीचा असाच एक धन आयन आहे, बाँड ऑर्डर एक. विश्वाच्या आरंभी सगळ्यांत पहिल्यांदा अणू जोडले गेले ते याच आयनात, असं शास्त्रज्ञ मानत आले. प्रयोगशाळेत तो १९२५ सालीच बनला होता, पण आकाशात सापडला तो थेट २०१९ साली, एनजीसी ७०२७ नावाच्या तेजोमेघात, विमानात बसवलेल्या दुर्बिणीने.

आता ऑक्सिजन. एकूण सोळा इलेक्ट्रॉन. आतल्या जागा भरत भरत आलं की चौदा जण बसून होतात: दहा जोडणाऱ्या जागांत, चार तोडणाऱ्या. नायट्रोजनचे चौदाच असतात, त्याचा हिशेब इथेच संपतो: दहा वजा चार सहा, त्याचे निम्मे तीन. तिहेरी बंध, अंतर ११० पिकोमीटर, तोडायला ९४५ किलोज्यूल. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकांना तो थेट वापरता येत नाही, तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंची नाही तर खताच्या कारखान्याची मदत लागते, त्याचं मूळ या तीनात आहे.

ऑक्सिजनचे मात्र अजून दोन उरतात. पुढच्या मोकळ्या जागा दोन आहेत, दोन्ही तोडणाऱ्या आणि दोन्ही अगदी सारख्या ऊर्जेच्या. दोन इलेक्ट्रॉन काय करतील? रिकाम्या एसटीत चढलेले दोन अनोळखी प्रवासी काय करतात तेच. दोन बाकं रिकामी असताना कुणी दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसत नाही. एक या बाकावर, एक त्या बाकावर. हा हुंड यांचाच नियम, आणि त्यात एवढी भर की अशा एकेकट्या बसलेल्या दोघांचे चिमुकले चुंबक एकाच दिशेला तोंड करून असतात. ते एकमेकांना खोडत नाहीत. चुंबकाला पकडायला दोन इलेक्ट्रॉन मिळाले. व्हिडिओतला लटकलेला ऑक्सिजन तो हाच.

आणि बाँड ऑर्डर? दहा वजा सहा चार, त्याचे निम्मे दोन. लुईस यांचा दुहेरी बंध जसाच्या तसा! म्हणून आम्ही मुलीला म्हटलं, ठिपके खोटे नाहीत, दहावीला ते पुरतात. बंधांची मोजणी त्यांनी बरोबर केली होती. कोण जोडीत आणि कोण एकटा, एवढंच त्यांना दिसलं नाही. आमची चूक ठिपके शिकवण्यात नव्हती.

या जागा खरोखर आहेत, की हिशेब जुळवायला कल्पिल्या? हा प्रश्न मुलीने विचारला नाही, अम्मींनी विचारला, आणि आम्हांला तो फार आवडला. त्याचं एक साधं प्रमाण आहे. सुट्या ऑक्सिजन अणूतून एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे १३१४ किलोज्यूल लागतात, पण ऑक्सिजनच्या रेणूतून काढायला ११६५च पुरतात. नायट्रोजनचं उलट: सुट्या अणूला १४०२, रेणूला १५०३. नायट्रोजनच्या रेणूतला सगळ्यांत वरचा इलेक्ट्रॉन जोडणाऱ्या जागेत आरामात बसलेला असतो, तो सुटायला तयार नसतो. ऑक्सिजनमधला तोडणाऱ्या जागेत अवघडून बसलेला असतो, तो लवकर निघतो. हे आकडे मोजलेले आहेत, कल्पिलेले नाहीत.

याच आकड्यावरून केमिस्ट्रीतला एक फार मोठा गैरसमज पडला. १९६२ साली कॅनडात, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट नावाचे तरुण प्राध्यापक प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड या जबरदस्त वायूवर काम करत होते. त्याने ऑक्सिजनच्या रेणूतूनच एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतला आणि नारिंगी लाल घन पदार्थ तयार झाला. त्यात ओ-टू-प्लस हा आयन होता. बार्टलेट यांच्या लक्षात आलं की झेनॉन वायूतून इलेक्ट्रॉन काढायला ११७० किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ ऑक्सिजनइतकेच. झेनॉन तेव्हा 'निष्क्रिय वायू' म्हणून ओळखला जाई. तो कुणाशी संयोग करत नाही असं सगळी पुस्तकं सांगत. त्यांनी दोन्ही वायू एकत्र सोडले आणि डोळ्यांदेखत पिवळसर नारिंगी घन पदार्थ जमा झाला. पुस्तकं बदलावी लागली. आमच्या लहानपणीही काही मास्तर 'निष्क्रिय म्हणजे कधीच नाही' असं ठासून सांगत. बहुधा आमच्यासारखेच असावेत.

आता क्लासमध्ये दिलेली युक्ती. मुलीच्या वहीत पहिल्या पानावर चौकटीत लिहिलं होतं: चौदा इलेक्ट्रॉन तर बाँड ऑर्डर तीन, त्यापुढे किंवा मागे एकेक इलेक्ट्रॉनला अर्धा कमी. म्हणजे पंधराला अडीच, सोळाला दोन, सतराला दीड, अठराला एक. आणि मागे जाताना तेराला अडीच, बाराला दोन, असं दहापर्यंत. युक्ती बरोबर आहे. पेपरात वेळ वाचवते, वापरायला हरकत नाही. पण चाचणीत प्रश्न आला होता तो असा: ओ-टू, ओ-टू-प्लस आणि एन-टू, एन-टू-प्लस यांमध्ये कुणाचा बंध मजबूत आणि का? तिने 'का'च्या जागी चौकट उतरवली होती. दोन गुण तिथेच गेले.

वहीने पाहिलं तर 'का' आपोआप येतो. नायट्रोजनमधून एक इलेक्ट्रॉन गेला तर तो जमेतून जातो: नऊ वजा चार, अडीच. बंध ढिला पडला. ऑक्सिजनमधून गेला तर देण्यातून गेला: दहा वजा पाच, अडीच. बंध घट्ट झाला, अंतर १२१ वरून ११२ पिकोमीटरवर आलं. एकच गोष्ट, एकाचं नुकसान, दुसऱ्याचा फायदा. "अब्बांचं एक गिऱ्हाईक कमी झालं," मुलगी म्हणाली, "पण ते उधारीवालं होतं." आम्हांला हे सुचलं नव्हतं.

उलट दिशेने, ऑक्सिजनला एकेक इलेक्ट्रॉन देत गेलं तर देणं वाढत जातं. एक दिला की ओ-टू-मायनस, सुपरऑक्साइड, दीड. दोन दिले की पेरॉक्साइड, एक, आणि अंतर १४९ पिकोमीटरपर्यंत ताणलं जातं. ही नावं फक्त पुस्तकातली नाहीत. घरात जखम धुवायला किंवा कानाचा मळ मऊ करायला हायड्रोजन पेरॉक्साइडची गडद बाटली असते ना, तिच्यातल्या दोन ऑक्सिजन अणूंमध्ये असाच एकेरी, अशक्त बंध असतो. तो सहज तुटतो, म्हणून ती उजेडात ठेवत नाहीत. पोटॅशियम सुपरऑक्साइड खाणीतल्या बचाव पथकांच्या श्वसनयंत्रांत भरतात: माणसाच्या उच्छ्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तो घेतो आणि ऑक्सिजन परत देतो. आपल्या शरीरातही सुपरऑक्साइड थोडा थोडा तयार होत असतो आणि त्याला आवरायला पेशींत खास एन्झाइम असतं. एकटे इलेक्ट्रॉन मोजायचे तर सुपरऑक्साइडमध्ये एक, ओ-टू-प्लसमध्येही एक. पेरॉक्साइडमध्ये दोन्ही बाकं पूर्ण भरली, एकटा कुणी नाही, म्हणून चुंबकाची ओढ संपली. हा प्रश्न परीक्षेत वारंवार येतो, म्हणून तिच्याकडून दोनदा लिहून घेतला.

त्या दोन एकट्या इलेक्ट्रॉनचा आणखी एक उपकार आहे. लाकूड, कापूस, कागद, आपली त्वचा, हे सगळं ऑक्सिजनशी संयोग पावलं तर ऊर्जाच सुटेल. तरी आपण हवेत बसलो आहोत आणि पेटत नाही. बहुतेक पदार्थांतले इलेक्ट्रॉन जोडीने असतात, आणि एकाच दिशेला तोंड केलेल्या या दोघांना जोडीवाल्यांच्या घरात सरळ शिरता येत नाही. काडी ओढून कुणीतरी आधी जोड्या मोडाव्या लागतात. सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असलेला ऑक्सिजन प्रयोगशाळेत बनवता येतो आणि तो कितीतरी जास्त आक्रमक असतो. आम्ही फळ्यावर जो ऑक्सिजन काढत होतो, तो खरा असता तर घरादाराचं काही खरं नव्हतं.

वैद्यकातही याचा उपयोग झाला. १९४० साली लिनस पॉलिंग यांनी हवेतला ऑक्सिजन त्याच्या चुंबकीय गुणावरून मोजणारं यंत्र बनवलं. आधी पाणबुड्यांत आणि पुढे वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या काचपेटीत ते वापरलं गेलं. (करोनात आपण बोटाला लावत होतो ते यंत्र वेगळं, ते प्रकाशावर चालतं.)

चहा दोनदा झाला, संध्याकाळ झाली. कोणत्या जागा आधी भरायच्या, सिग्मा आधी की पाय, आणि नायट्रोजनपर्यंत एक क्रम आणि ऑक्सिजनपासून दुसरा क्रम का, हे पुढच्या रविवारसाठी ठेवलं. बाँड ऑर्डर काढायला त्याने फरक पडत नाही. बोरॉन आणि कार्बनच्या चुंबकपणाला पडतो. जाताना अम्मींनी पुन्हा विचारलं, "मग हिच्या अब्बांना काय सांगू?" आम्ही म्हटलं, सहामाहीपर्यंत थांबायला सांगा, आणि शब्दांची एक वही करा: एका रकान्यात उर्दू, एकात मराठी, एकात इंग्रजी. गुण किती येतील ते आम्ही सांगू शकत नाही, पण गेल्या वर्षी सबंध वर्गात हा प्रश्न फक्त हिला पडला होता, एवढं त्यांना नक्की सांगा.

बुधवारी रात्री फोनवर तिचा निरोप आला. तिने स्वतःहून कार्बनच्या दोन अणूंचा, सी-टूचा, हिशेब केला होता: बारा इलेक्ट्रॉन, आठ जमा, चार देणं, बाँड ऑर्डर दोन. "पण सर, दोन्ही बंध पाय निघतात, सिग्मा एकही नाही. हे चालतं का? आणि हा रेणू असतो तरी कुठे?" या वेळी आम्ही घाईने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कळवलं: गॅसच्या शेगडीच्या निळ्या-हिरव्या ज्योतीत तो क्षणभर असतो, काही धूमकेतूंचं डोकं हिरवं दिसतं ते त्याच्यामुळे. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने दोन हेच उत्तर आहे. पण २०१२ साली काही शास्त्रज्ञांनी त्यात चार बंध असल्याचं मांडलं, आणि त्यावर मोठमोठ्या लोकांचा वाद झाला.

लगेच उलट प्रश्न आला: "मग पेपरात किती लिहू?"

पेपरात दोनच लिही, असं कळवलं आहे.